आबांची फायरवॉल

कुलूप घ्यायला आलेला माणूस आधी किंमत विचारू लागला, की याच्या घरी कधी ना कधी चोरी होणार हे आबा ओळखत. कुलूप आधी हातात घ्यायचं, तळहातावर तोलायचं, मग कानाशी नेऊन किल्ली फिरवायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. किंमत सगळ्यात शेवटी. एक्केचाळीस वर्षं आबा हेच सांगत आले होते आणि एक्केचाळीस वर्षं गिऱ्हाइकं आधी किंमतच विचारत आली होती. दोन्ही पक्ष हट्टी होते, तरी धंदा बरा चालला होता.

दुकान खाली आणि घर वर. मधे एकोणीस पायऱ्यांचा अरुंद जिना. दुकानाच्या भिंतीवर साडेतीनशे खिळे होते आणि बहुतेक प्रत्येक खिळ्याला एक किल्ली लटकत होती. आसपासच्या चार गल्ल्यांतल्या लोकांनी अडीअडचणीला म्हणून आबांकडे ठेवलेली. किल्लीला नंबर असे, नाव नसे. कुठला नंबर कुठल्या घराचा हे फक्त आबांच्या डोक्यात. "किल्ली आणि पत्ता एका जागी ठेवला, की तिसऱ्याची सोय झाली," असं ते म्हणत आणि त्यापायी कागदावर काही म्हणून लिहीत नसत. दुसरा नियम त्याहून कडक होता. मालकाची सही वहीत झाल्याशिवाय बंद कुलपाला हात लावायचा नाही. बायकोनं एकदा कपाटाची किल्ली हरवली, तर तिलाही त्यांनी जिना उतरवून खाली आणलं आणि वहीत सही करायला लावली. तिनं सही केली आणि मग दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आता तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. वहीतली सही तेवढी राहिली होती.

आणि एवढ्या लोकांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या घराची किल्ली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. जिन्याच्या बाराव्या पायरीवर आबा खोकत आणि वर दार उघडे. आधी आई उघडायची, मग बायको, आता सून. दाराचं लॅच आबांनीच बसवलेलं, चार गल्ल्यांत त्याच्या तोडीचं दुसरं नव्हतं. त्याच्या किल्ल्या दोनच, एक मुलाकडे आणि एक सुनेकडे. बाहेरून ते लॅच कसं उघडतं हे आबांनी बसवलं त्या दिवशी पाहिलं असेल, तेवढंच.

मुलगा मोठ्या पुलांच्या कामांवर क्रेन चालवायचा आणि पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचा. सून डॉक्टर होती, पण पेशंटला हात न लावणारी. हॉस्पिटलं आपल्या पेशंटांचे स्कॅन तिच्या संगणकावर पाठवत, ती मागच्या खोलीत बसून ते बघे आणि काय दिसतंय ते माइकमध्ये बोलून रिपोर्ट करी. हे काम घरात बसून होतं याचं आबांना मोठं अप्रूप होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते वरच्या खिडकीकडे बोट दाखवून सांगत, "आत्ता तिथं कुणाचं तरी काळीज बघणं चाललंय."

शुक्रवारी सुनेच्या कंपनीचं पत्र आलं. घरून काम करायचं, तर यापुढे घरी हजाराची लाइन पाहिजे, म्हणजे गिगाबिटची, आणि त्या लाइनीच्या तोंडाशी स्वतंत्र फायरवॉल पाहिजे. पेशंटांचे फोटो आहेत, ते भलत्याच्या हाती लागता कामा नयेत. सगळी तपासणी चालू ठेवून फायरवॉलनं नऊशेचा तरी स्पीड दिला पाहिजे. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता तपासनीस पडद्यावरून हे बघेल. जमलं तर ठीक, नाहीतर एक तारखेपासून मुख्य कचेरीत हजर व्हायचं. कचेरी बसनं आठ तासांवर होती.

हजाराची लाइन सुनेनं आधीच घेतली होती. राहिली फायरवॉल. शनिवारी सकाळी मुलाचा फोन आला. "एवढं काय त्यात, आबा? नाही जमलं तर तिकडे दोन खोल्या मिळतात. मलाही त्या बाजूचं काम मिळेल. तुम्हीही चला."

"मी येऊ? आणि या साडेतीनशे किल्ल्या?"

"मग तुम्ही इथे, आम्ही तिथे. सुट्टीला येऊच की."

मुलानं हे सहज म्हटलं. जाणारा माणूस नेहमी सहजच म्हणतो. आबा "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला. मग सुनेला म्हणाले, "सूनबाई, तुझी किल्ली दे जरा. लॅचला तेल घालायचंय."

त्यांनी लॅचला तेल घातलं हे खरं. पण त्याआधी खाली जाऊन, दुकानाचं शटर अर्धं ओढून, आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची एक किल्ली कापून घेतली. कानस मारून दाते साफ केले. किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि सुनेची सुनेला नेऊन दिली.

"फायरवॉल म्हणजे कुलूपच ना?" त्यांनी विचारलं.

"तसंच समजा, आबा. येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेणारं कुलूप."

"मग ते माझं काम. तू यात पडू नकोस."

सून फार सभ्य होती. आबांना नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दिल्या. एक, सगळी तपासणी चालू असताना नऊशे. दोन, आवाज नको. आबांनी चिठ्ठी खिशात घातली. चष्मा घरीच राहिला होता आणि कुलपाच्या बाबतीत त्यांना चिठ्ठीची गरज आहे असं त्यांना वाटलंही नाही.

संगणकाच्या दुकानात एक बाई बसे. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली आणि तोंडानं फटकळ. आबांनी काम सांगितल्यावर तिनं मागच्या फळीवरून एक काळी डबी काढून काउंटरवर ठेवली. "ही घ्या. हिला पंखा नाही, आवाज नाही. एकेकाची झडती घेते आणि तरी नऊशेच्या वर सोडते."

आबांनी डबी उचलून तळहातावर तोलली. साबणाची वडी याहून जड असते. कानाशी नेली. आत काहीच नव्हतं.

"हिला वजन कुठाय?"

"वजन कशाला पाहिजे? कुणाच्या डोक्यात घालायचीय?"

आबांची नजर तोवर काउंटरच्या खाली गेली होती. तिथे एक लांबलचक लोखंडी पेटी पडली होती. कडा जाड, पुढं दोन ओळी दिवे, मागं दोन पंखे. आबांनी वाकून ती एका बाजूनं उचलून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हे काय आहे?"

"तेही फायरवॉलच. एका बँकेची शाखा बंद झाली तिथून आलंय. जुनं आहे. खोक्यावर आकडा मोठा लिहिलाय, पण तो नुसतं जाऊ द्यायचं असेल तर. झडती घ्यायला लावलंत की दीडशेवर येतं. आणि पंखे तर..."

बँक हा शब्द कानी पडल्यानंतर आबांनी पुढचं ऐकलं नव्हतं. "बँकेत होतं म्हणजे झालं."

"अहो आबा, ती शाखा बंद पडली."

"चोरी होऊन पडली का?"

"नाही."

"मग!"

बाईनं कपाळावर हात मारला. पण गिऱ्हाइकाला परत फिरवणाऱ्यांतली ती नव्हती. "बुधवारपर्यंत परत आणलंत तर बदलून देईन," एवढं मात्र ती म्हणाली, आणि आणणार हे तिला ठाऊक होतं.

अकरा किलोंची ती पेटी आबांनी खांद्यावरून एकोणीस पायऱ्या चढवली. सुनेनं दार उघडलं, पेटी बघितली, आबांच्या घामेजल्या तोंडाकडे बघितलं आणि "छान आहे," म्हणाली. सभ्यपणाचा असा अतिरेक झाला की त्याची किंमत घरातल्या सगळ्यांना मोजावी लागते. तिनं वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि पंखे सुरू झाले. पाच मिनिटांत शेजारच्या शिंपीणबाई खिडकीतून ओरडल्या, "आबा, दळण टाकलंय का हो?"

हजार आत शिरत होते आणि बाहेर एकशे चाळीस येत होते. सुनेनं तो आकडा आबांना दाखवला.

"बघ," आबा अभिमानानं म्हणाले. "कसून झडती घेतंय. घाई चोराला असते."

रविवार त्या आवाजात गेला. माइकमध्ये पंखे घुसत, म्हणून सून डोक्यावरून रजई घेऊन रिपोर्ट सांगू लागली. आबा पाणी द्यायला आत गेले, तर खोलीत कुणीच दिसेना आणि कोपऱ्यातली रजई म्हणाली, "उजवं मूत्रपिंड व्यवस्थित आहे." आबांच्या हातातला तांब्या हिंदकळला. तरीही पेटीबद्दल त्यांचं मत बदललं नाही. जड वस्तूवर त्यांचा फार जुना विश्वास होता.

तो डळमळला सोमवारी दुपारी. आबा चहाचा कप घेऊन आत गेले तेव्हा रजई खाली पडली होती आणि सून फोनवर बोलत होती. "येतंय, येतंय... नाही डॉक्टर, अजून सगळं आलेलं नाही. अर्धंच आलंय... मला कळतंय, पण न बघता कसं सांगू?"

पडद्यावर एका डोक्याच्या चकत्या एकेक करून उतरत होत्या. शिडीवरून पडलेला कुणीतरी माणूस होता. दोन हजार चकत्या यायच्या होत्या आणि त्याच वेळी आणखी तीन हॉस्पिटलांचे स्कॅन दारात खोळंबले होते. आबांची पेटी प्रत्येकाला उभं करून झडती घेत होती आणि तिचे पंखे ऊर फुटेस्तोवर गरगरत होते. आबा घड्याळाकडे बघत उभे राहिले. चार मिनिटं. साडेचार मिनिटं. सुनेच्या मानेवर घाम आला होता. मग शेवटची चकती आली, ती पुढं वाकली आणि भराभर सांगू लागली, डाव्या बाजूला, कानाच्या वर, एवढं रक्त साकळलंय. पलीकडच्या डॉक्टरनं फोन टाकला.

"वाचेल?" आबांनी विचारलं.

"वाचेल. वेळेत कळलं." मग खाली पडलेली रजई उचलत ती म्हणाली, "तसं वेळेतच."

त्या 'तसं'नं आबांना त्यांचंच एक वाक्य आठवलं. कुलूप अडतं म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः हजार वेळा सांगितलं होतं, की कुलूप चोराला अडवायला असतं, मालकाला दारात ताटकळवायला नव्हे. शहाणपण दुकानात वाटून संपलं होतं, घरी न्यायला उरलं नव्हतं. चहा गार झाला होता. तो त्यांनीच पिऊन टाकला.

मंगळवारी सकाळी अकरा किलोंची पेटी पुन्हा एकोणीस पायऱ्या उतरली. संगणकवाल्या बाईनं अंबाड्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचली.

"ती साबणाची वडी द्या," आबा म्हणाले.

वडी जोडली आणि घरात इतकी शांतता झाली की शिंपीणबाईंनी काळजीनं चौकशी केली. आबांनी वडीला कान लावला. "जिवंत आहे ना?"

"आहे आबा. आणि बघा, नऊशे तीस." सुनेचा आवाज आनंदानं चढला होता. "आता हिला पासवर्ड ठेवायचा. मी ठेवते."

"नाही. कुलूप बसवणारा पहिली किल्ली फिरवतो. तू तिकडे तोंड कर."

सुनेनं भिंतीकडे तोंड केलं. आबांपुढे आता पेच होता. दहा खुणांचा पासवर्ड पाहिजे होता, आणि लिहून ठेवायचं नाही म्हणजे नाही. मग त्यांना एकदम सुचलं आणि ते स्वतःवरच खूश झाले. किल्लीचा प्रत्येक दाता किती खोल कापलाय याला आकडा असतो. कुलूपवाला पट्टी लावून तो आकडा वाचतो, दुसऱ्या कुणाला त्यात पितळेपलीकडे काही दिसत नाही. आबांनी खिशातली नवी किल्ली मुठीत धरली, पट्टी लावली आणि तिचे पाच दाते आधी सुलटे आणि मग उलटे, एका बोटानं टाकले. जगातला सगळ्यात पक्का पासवर्ड. कुठं लिहिलेला नाही आणि पुन्हा हरवणारही नाही, कारण खिशातच आहे.

बुधवार सोन्यासारखा गेला. स्कॅन बोलावलं की समोर हजर होत होते. सून रजईबाहेर बसून काम करत होती आणि मधूनमधून गुणगुणत होती. दिवसभरात आबा सहा वेळा वर जाऊन आकडा बघून आले. एकदाही तो नऊशेखाली नव्हता. संध्याकाळी दुकान आवरताना त्यांचा हात खिशाला लागला आणि आत किल्ली टोचली. आता कोण जातंय कुठं? ही किल्ली खिशात ठेवणंच अभद्र आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी ती काढली आणि एक्केचाळीस वर्षं बिघडलेल्या किल्ल्या ज्या डब्यात फेकत आले होते त्या पितळेच्या भंगारात फेकली. टण् असा आवाज झाला. आबांना फार हलकं वाटलं आणि हलकं वाटल्यावर माणसाच्या डोक्यातून बरंच काही निसटतं.

गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे भंगारवाला आला आणि डबा रिकामा करून घेऊन गेला.

दुपारी चारला तपासनीस पडद्यावर आला. त्याचं कपाळ आणि चष्मा एवढंच दिसत होतं. "मला साडेचारला दुसरं घर आहे," त्यानं सुरुवातीलाच सांगितलं. आबा धुतलेला सदरा घालून सुनेच्या मागं उभे होते. स्पीड मोजला गेला. नऊशे छत्तीस. कपाळ हललं. "उत्तम. आता फायरवॉलच्या आत जा आणि सगळी तपासणी चालू आहे हे दाखवा."

सुनेनं मागं वळून बघितलं. "आबा, पासवर्ड."

आबांनी ऐटीत खिशात हात घातला. हात खिशातच राहिला.

वाघ मागं लागल्यासारखे ते एकोणीस पायऱ्या उतरले. डबा उपडा घातला, त्याच्या बुडावर थाप मारली, आत तोंड घालून बघितलं. डब्याच्या तळाशी पितळेचा भुगा होता, बाकी काही नाही. वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"चार, दोन, पाच," ते म्हणाले. "पुढं... एक असेल. नाहीतर तीन."

एक नव्हता. तीनही नव्हता. तिसऱ्यांदा चुकल्यावर वडीनं पाच मिनिटं दार लावून घेतलं.

"चांगलं कुलूप आहे," आबा न राहवून म्हणाले.

"आबा!" सून पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. तिनं संगणकवाल्या बाईला फोन लावला. बाई म्हणाली, मागच्या भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा, उघडेल.

"टाचणीनं उघडतं?" आबांचा संताप अनावर झाला. "एवढं सोंग, आणि टाचणीनं?"

"उघडेल पण सगळं पुसलं जाईल," बाई म्हणाली. "परत बसवायला तास जाईल." तास नव्हता. चार वाजून सोळा मिनिटं झाली होती. पडद्यावरच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

सून खुर्चीत मागं टेकली. "राहू दे," ती हळू म्हणाली. "मी त्यांना सांगते, नाही जमलं. मुदत मिळते का बघते. नाही मिळाली तर..." तिचे डोळे भरून आले होते आणि ते आबांनी पाहिलं. आजवर त्यांना वाटत होतं की जाण्याचं दुःख एकट्या त्यांनाच आहे. पोरांना काय, नवी जागा, दोन खोल्या. त्या डोळ्यांकडे बघून त्यांना स्वतःची लाज वाटली.

एक वाट होती. पहिल्या मिनिटापासून त्यांना ती ठाऊक होती आणि म्हणूनच ते तिच्याकडे बघत नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझी घराची किल्ली दे."

"आता? किल्लीचं काय काम आहे इथं?"

"पासवर्ड तिच्यावर आहे. दात्यांचे आकडे."

"माझ्या किल्लीवर?"

"माझ्या. पण दोन्ही सारख्याच."

"तुमच्याकडे कुठाय किल्ली, आबा?"

आबा वडीकडे बघत राहिले. तिचा एकुलता एक दिवा लुकलुकत होता. "होती. शनिवारी केली."

सून खुर्चीसकट त्यांच्याकडे वळली. "तेल घालायला नेली होती ती?"

"तेल पण घातलं," आबा घाईनं म्हणाले.

"पण कशाला केलीत? मी असते ना घरी."

"तुम्ही गेल्यावर दार कोण उघडणार होतं?"

हे ते अगदी साध्या आवाजात म्हणायला गेले, पण आवाज मधेच फाटला. पडद्यावर तपासनिसानं चष्मा काढला आणि तो स्वच्छ असूनही बराच वेळ पुसत बसला.

सुनेनं उठून पर्समधली किल्ली आणली आणि आबांच्या हातावर ठेवली. "वाचा," ती म्हणाली. "मी टाकते. की आधी वहीत सही करू?"

"सहीचं नंतर बघू," आबा म्हणाले. एक्केचाळीस वर्षांत हे पहिल्यांदा घडलं.

तोवर वडीची पाच मिनिटंही भरली होती. त्यांनी किल्ली उजेडाकडे धरली, पट्टी लावली. "चार. दोन. पाच. दोन. सहा. आता उलटे. सहा. दोन. पाच. दोन. चार."

वडीचं दार उघडलं. आत एकेका तपासणीसमोर हिरवी खूण होती. तपासनिसानं चष्मा लावून त्या सगळ्या मोजल्या, काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "मंजूर. घरूनच काम करा." मग जाता जाता त्यानं घसा खाकरला. "पासवर्ड तेवढा बदला. तो आता मीही ऐकलाय."

चार वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. आबा पलंगाच्या काठावर बसले आणि त्यांच्या लक्षात आलं की सुनेची किल्ली अजून त्यांच्या हातातच आहे. त्यांनी ती पुढं केली.

"नवा पासवर्ड काय ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

"तो मालकाला माहीत. नियम तुमचाच आहे." तिनं किल्ली पर्समध्ये टाकली. "आणि तुमची ती दुसरी?"

"भंगारात गेली."

"बरं झालं. परत करायची नाही."

"अगं, पण एखाद्या वेळी..."

"एखाद्या वेळी नाही न् काही नाही. खोकायचं."

शुक्रवारी संध्याकाळी आबांनी शटर ओढलं आणि जिना चढायला घेतला. बाराव्या पायरीवर ते खोकले. दार उघडलं नाही. वर जाऊन ते दारासमोर उभे राहिले. आतून सुनेचा आवाज येत होता, "...डावं फुप्फुस स्वच्छ आहे, उजवंही स्वच्छ आहे. रिपोर्ट संपला." मग खुर्ची सरकली, पावलं वाजली, आणि लॅच अजिबात आवाज न करता उघडलं. तेल चांगलं मुरलं होतं.